चौकटीत आपली माणसं कुठं आहेत?

मे महिना लागला की मालवणचा धक्का माणसांनी फुलून जातो. मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे होडीत बसतात, सिंधुदुर्ग किल्ला पाहतात, तारकर्लीच्या वाळूत उभे राहतात आणि फोटो काढतात. पावसाळ्यात होड्या बंद होईपर्यंत हा क्रम चालू असतो. कुणाचेही फोटो पाहा, किल्ला, समुद्र, माड आणि माशांचं ताट! त्यात वाईट काही नाही. शिवरायांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा जलदुर्ग पाहून कुणाला मोह होणार नाही? पण होडी हाकणारा, जाळं ओढणारी, बौद्धवाडीतल्या पडवीत सुपं-रोवळ्या विणत बसलेली म्हातारी, ही माणसं त्या फोटोंत सहसा नसतात.

पडद्याचंही तसंच. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका गाजली आणि तिचं चित्रीकरण झालेला सावंतवाडीजवळच्या आकेरीचा वाडा पाहायला लोक वाट वाकडी करून जाऊ लागले. वाड्याचे फोटो खूप निघाले. वाडीचा फोटो काढायला मात्र कुणी थांबलं नाही.

कॅमेरा ज्याच्या हातात, इतिहास त्याच्या बाजूनं दिसतो. आपल्या माणसांना हे फार पूर्वी उमगलं होतं. आचार्य अत्र्यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला, तेव्हा त्याच्या मुहूर्ताला खुद्द बाबासाहेब हजर होते. ज्यांना त्यांनी गुरू मानलं, त्या जोतीरावांचं जीवन पडद्यावर यावं याचं मोल ते जाणत होते. बाबूराव पेंढारकर त्यात जोतीराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीबाई झाल्या. या चित्रपटाला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. दुसऱ्या दिवशी मुंबईत अंत्ययात्रेला लाखोंचा जनसागर लोटला. हा प्रसंग चित्रफितीवर टिपून ठेवावा म्हणून पुढे आले ते नामदेवराव व्हटकर. त्यांनी आपला छापखाना गहाण टाकला, त्या पैशांतून कॅमेरा आणि फिल्मची सोय केली आणि ती अंत्ययात्रा चित्रित करून घेतली. आज आपली मुलं टीव्हीवर, मोबाइलवर ती गर्दी पाहतात. त्यामागे एका माणसाचा गहाण पडलेला छापखाना आहे, हे त्यांना कुणी सांगितलं आहे का?

माझे वडील गिरणीत होते. लालबागच्या भारतमाता टॉकीजमध्ये पाहिलेला प्रत्येक सिनेमा ते सुट्टीत गावी आल्यावर पडवीत बसून रंगवून सांगत. नायक कसा होता, नायिका कशी होती, गाणी किती होती. आम्ही पोरं तल्लीन होऊन ऐकायचो. त्या कथांमध्ये आपल्यासारखं घर कधीच नसायचं आणि तसं ते नसतं म्हणून कुणाला नवलही वाटायचं नाही. पुढे २०१४ साली मी थिएटरात नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ पाहिला. डुक्कर खांद्यावर घेऊन जब्याचं कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जातं आणि त्या भिंतीवर बाबासाहेब, जोतीराव, सावित्रीबाई रंगवलेले असतात. शेवटी जब्याचा दगड थेट प्रेक्षकांच्या दिशेनं येतो. शेजारच्या खुर्चीवरची अनोळखी बाई पदर डोळ्याला लावून बसली होती. इतकी वर्षं पडद्यावर दुसऱ्यांचीच घरं पाहिली, त्या दिवशी पडद्यानं आमच्याकडे पाहिलं.

सिनेमा काढणं सगळ्यांना जमणार नाही, पण फोटो काढणं आज प्रत्येकाच्या हातात आहे. पूर्वी एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघत. ते जपून वापरावे लागत, धुवायला द्यायचे पैसे वेगळे. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांची पाळी शेवटी यायची, नाहीतर यायचीच नाही. शिवाय फोटो काढला की आयुष्य घटतं, ही अंधश्रद्धा होतीच. आजीला फोटोसाठी बोलावलं की ती म्हणायची, “माजो फोटो कित्याक? समुद्राचो काड.” तिचा एकच फोटो आमच्याकडे आहे, तोही एका लग्नातल्या घोळक्याचा. ती कडेला उभी आहे, अर्धा चेहरा कापलेला. तिच्या शेजारच्या बाईचं नाव आज घरात कुणालाच ठाऊक नाही.

म्हणून भगिनींनो, या सुट्टीत गावी जाल तेव्हा थोडं वेगळं करून पाहा. मुंबई-गोवा रस्त्यानं येत असाल तर महाडला उतरा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी जिथं पाण्याला हात लावला, त्या चवदार तळ्याकाठी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा फोटो काढा. जवळच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, तीही मुलांना दाखवा. गावी पोचल्यावर किल्ल्याचा फोटो जरूर काढा, पण आधी वाडीतल्या आजी-आजोबांचा काढा. विहाराचा काढा, विहिरीचा काढा, काम करणाऱ्या हातांचा काढा. मात्र विचारल्याशिवाय कुणाचाही फोटो काढू नका. आपलं माणूस म्हणजे पाहण्याची वस्तू नव्हे.

समुद्राकडे पाठ करून माणूस उभा केला की मागच्या उजेडामुळे चेहरा काळवंडतो. दोष रंगाचा नसतो, उजेडाचा असतो. मोबाइलवर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवा, कॅमेरा चेहऱ्याचा उजेड धरतो. शक्य तो सकाळी नाहीतर चारनंतर फोटो घ्या. कोकणच्या दमट हवेत जुने फोटो काचेला चिकटतात. ते ओढून काढू नका, आहेत तसेच दिवसाच्या उजेडात मोबाइलवर उतरवून घ्या. कागदी फोटोच्या मागे कडेला, मऊ पेन्सिलीनं नाव, गाव आणि तारीख लिहा. शाईनं लिहू नका, ती पुढे उमटते. मोबाइलमधले निवडक फोटो कागदावर काढून घ्या, मोबाइल बिघडला की सगळंच जातं.

सिनेमाला मुलांना न्याल तेव्हा परतताना एक प्रश्न जरूर विचारा, “यात आपल्यासारखी माणसं कुठं होती?” उत्तर “कुठंच नव्हती” असं आलं तरी हरकत नाही. तो प्रश्न मुलांच्या डोक्यात राहिला पाहिजे.

नामदेवरावांनी छापखाना गहाण टाकला. आपल्याला फक्त एक पेन्सिल लागणार आहे. ज्यांना नाव विचारायचं ती माणसं आज पडवीत बसली आहेत, तोवर विचारून घ्या.

जयभीम!