ड्रोन आणि त्यांचा उतारा

आइसलँडची राजधानी रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीने मे २००३ मध्ये ‘ईव्ह ऑनलाइन’ हा संगणकावरील खेळ सुरू केला, आणि तो आजही चालू आहे. चीनमधील खेळाडू वगळले तर जगभरचे खेळाडू त्यात एकाच अवकाशविश्वात वावरतात. व्यापार करतात, खाणी खणतात, संघ बांधतात आणि प्रसंगी हजारोंच्या संख्येने एकमेकांशी झुंजतात. अशा खेळाचे नियम करणे हे एखाद्या छोट्या संस्थानाचा कारभार पाहण्यासारखेच आहे. तेव्हा कचेरीत नियमांशीच ज्याची गाठ, अशा माझ्यासारख्या माणसाला त्याचे कुतूहल वाटले तर नवल नाही. श्रोतेहो, त्यातील एकाच प्रश्नाचा आज विचार करू. जहाजातून सोडली जाणारी चालकविरहित छोटी याने, म्हणजे ड्रोन, आणि त्यांना आवर घालण्याची विद्या, यांचा तोल कसा राखावा?

या खेळात विद्या शिकावी लागते ती खऱ्या घड्याळाच्या वेळेने. खेळाडू झोपला तरी शिक्षण चालू राहते, हे खरे. पण वरच्या पायऱ्यांना दिवस आणि आठवडे लागतात. ड्रोनविद्येच्या पायऱ्या पाच. दर पायरीस एक ड्रोन अधिक हाताळता येतो, आणि सामान्य जहाजाला पाचांची मर्यादा आहे. शत्रूने आपल्या जहाजाची नेम धरणारी यंत्रणा निकामी केली की त्या शत्रूखेरीज इतरांवर तोफा मुक्या होतात; ड्रोन मात्र लढत राहू शकतात. त्यांतील लहान जात तर इतकी चपळ, की मोठ्या जहाजाच्या अवजड तोफा तिच्या वेगाने वळूच शकत नाहीत.

उतारे नाहीत असे नाही. छोट्या तोफांनी ड्रोन एकेक टिपता येतात. परंतु प्रत्येकावर निराळा नेम धरावा लागतो, आणि तोवर धनी घायाळ ड्रोन परत बोलावून दुसरा सोडतो. दुसरा उपाय ‘स्मार्टबॉम्ब’. जहाजाभोवती काही किलोमीटर सर्व दिशांना होणारा हा स्फोट. नाव शहाणपणाचे असले तरी त्याला आपपरभाव मुळीच कळत नाही. सुरक्षित प्रदेशात तो एखाद्या तिऱ्हाइताला लागला, तर खेळातील पोलीसदल स्फोट करणाऱ्याचेच जहाज नष्ट करते! शिवाय दूर एका जागी स्थिर राहून मारा करणाऱ्या ड्रोनांपर्यंत तो पोचत नाही.

माझ्या मते खरी अडचण याहून खोल आहे. ड्रोनविद्या शिकणाऱ्याला तिचा रोज उपयोग होतो: लढाईत, खाणीत, सोबत्याच्या जहाजाच्या दुरुस्तीत. स्फोटाची विद्या शिकणाऱ्याला ती क्वचितच कामी येते. जी विद्या रोज पोट भरते ती सारे शिकतात. जी संकटापुरती, ती थोडे. मग उताराच अधिक जालीम करावा, असे कोणी म्हणेल. पण तो जालीम झाला तर लढवय्याबरोबर खाणीत राबणाऱ्या गरीब बिचाऱ्याचे ड्रोनही त्यात भस्म होणार.

हा पेच जानेवारी २०१४ मध्ये फार स्पष्ट झाला. आपले ड्रोन दुसऱ्याच्या हवाली करण्याची मुभा खेळात होती. शंभर जहाजांनी पाचशे ड्रोन एका नायकाकडे सोपवले, की त्याने तोफ डागताच पाचशेही एका क्षणी एकाच लक्ष्यावर तुटून पडत. मदतीला दुरुस्तीचे जहाज धावण्याआधीच लक्ष्य नाहीसे होई. उरलेल्या नव्याण्णवांना काम काय, तर बसून पाहणे! खेळ चालवणाऱ्या यंत्रणेवरही इतक्या ड्रोनांचा मोठा भार पडे. आणि तो हलका करण्यासाठी मोठ्या लढाईत खेळातील काळाची गती एकदशांशापर्यंत मंद करावी लागते.

कंपनीने त्याच महिन्यात नियम केला, तो उताऱ्याविषयी नव्हे, ड्रोनांविषयीच. ठरवले ते असे, की एका खेळाडूच्या हवाली पन्नासांहून अधिक ड्रोन करता येणार नाहीत. हिशेब सोपा आहे. पन्नास ड्रोन म्हणजे दहा जहाजे. शंभर जहाजांच्या ताफ्याला आता दहा नायक हवेत, आणि दहाही जागे हवेत. दहा माणसांचे हात एकाच क्षणी उठत नाहीत. मध्ये जो पळभराचा अवकाश राहतो, त्यात दुरुस्तीच्या जहाजाला आपल्या सोबत्यापर्यंत पोचता येते.