कागद टेबलावर, अक्षर भिंतीवर : डॉक्युमेंट कॅमेरा कसा लावायचा, कसा वापरायचा

दहावीचा भूमितीचा पेपर ४० गुणांचा. त्यात भौमितिक रचना हा असा धडा, की नीट सराव केला तर गुण हमखास मिळतात. तरीही आमच्या शाळेत दरवर्षी काही मुलं तिथेच अडखळायची. आमची शाळा उर्दू माध्यमाची आणि लहान, त्यामुळे गणितही आम्हीच शिकवतो आणि मराठीही आम्हीच. फळ्यावर रचना काढताना हातात तो मोठा लाकडी कंपास, त्यात खडू अडकवलेला. मुलांच्या हातात मात्र बोटभर कंपास आणि पेन्सिलीचा तुकडा. शिवाय आम्ही फळ्याकडे तोंड करून उभे. कंपासचं टोक कुठे रोवलं, ते आमच्याच पाठीआड. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, कंस कुठून मारला ते दिसलंच नाही. तुम्ही बाजूला झालात तेव्हा मारून झाला होता."

त्या दिवशी आम्हाला लक्षात आलं, की आम्ही मुलांना उत्तर दाखवत होतो, उत्तर काढणारा हात दाखवत नव्हतो. डॉक्युमेंट कॅमेरा हे यंत्र त्याच कामाचं आहे. शाळेत, पालक सभेत, विज्ञान प्रदर्शनात आणि घरीसुद्धा ते वापरता येतं, आणि बहुतेक वेळा त्यासाठी नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

यंत्र नेमकं काय आहे

सोप्या भाषेत सांगायचं तर एका दांड्यावर खाली तोंड करून बसवलेला कॅमेरा. त्याच्याखाली वही, पुस्तक, नकाशा, पान, फूल, जे ठेवाल ते प्रोजेक्टरवर किंवा टीव्हीवर मोठं दिसतं. ज्यांनी आमच्यासारखं जुन्या काळात बीएड केलं त्यांना एपिडायस्कोप आठवत असेल. प्रखर दिवा, आरसा, भिंग आणि खोलीत पूर्ण अंधार. पुस्तकाचं पान त्यात घालायचं आणि ते पडद्यावर फिकट दिसायचं. परीक्षेत त्याची आकृती काढली, वर्गात मात्र कुणी फारसा वापरला नाही. आजचा डॉक्युमेंट कॅमेरा म्हणजे त्याचाच वारस, पण अंधार न मागणारा. काही लोक त्याला व्हिज्युअलायझर म्हणतात.

विकत मिळणारे बहुतेक कॅमेरे यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडले की वेबकॅमसारखे ओळखले जातात. विंडोजमधलं साधं कॅमेरा ॲप उघडलं तरी चित्र येतं. थोड्या महाग कॅमेऱ्यांना एचडीएमआयची सोयही असते, म्हणजे लॅपटॉप मध्ये न आणता थेट प्रोजेक्टरला जोडता येतं.

आता दुकानदार तुम्हाला मेगापिक्सेल मोजून दाखवेल. तेव्हा एवढा हिशेब लक्षात ठेवा : फुल एचडी चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. शाळांमधले कित्येक जुने प्रोजेक्टर तर त्याहूनही कमी, १०२४ गुणिले ७६८ चे आहेत. कॅमेरा १३ मेगापिक्सेलचा घेतला तरी भिंतीवर पोहोचणार तेवढंच. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर न हलणारा मजबूत दांडा, चित्र जागच्या जागी थांबवणारं फ्रीझ बटण आणि फोकस लॉक करण्याची सोय, या तीन गोष्टी आधी बघा.

विकत घेण्याआधी कपाटातला फोन काढा

आम्ही सुरुवात केली ती एका जुन्या अँड्रॉइड फोनवर. त्याची काच कोपऱ्यात फुटलेली, पण मागचा कॅमेरा ठीक. प्रश्न होता तो त्याला धरायचं कशाने. उत्तर प्रयोगशाळेत मिळालं. परीक्षानळी धरायचा लोखंडी स्टँड आणि क्लॅम्प प्रत्येक शाळेत असतो. फोनभोवती कापडाची पट्टी गुंडाळायची, क्लॅम्प बाजूची बटणं दाबणार नाही अशा बेताने आवळायचा, आणि स्टँडच्या पाटावर दोन जाड शब्दकोश ठेवायचे, नाहीतर पुढच्या वजनाने सगळं कोसळतं. घरी करायचं असेल तर पुस्तकांचे दोन सारखे ढीग, त्यावर आडवी फळी आणि फळीच्या कडेवरून कॅमेऱ्याचं भिंग बाहेर येईल असा ठेवलेला फोन. दिसायला ओबडधोबड, पण काम होतं.

उंची साधारण ३० ते ४० सेंटिमीटर ठेवा. एवढ्या उंचीवरून आडवं ठेवलेलं ए-४ पान बहुतेक फोनमध्ये पूर्ण बसतं. कॅमेरा कागदाच्या बरोबर वर आणि फोन अगदी सपाट हवा. जरा तिरका झाला की चौकोनाचा समलंब चौकोन होतो, आणि भूमितीच्या तासाला तर ते चालणारच नाही.

एक गंमत इथे हमखास होते. फोन पालथा आडवा केला की आपण उभे आहोत की आडवे हे त्याला कळत नाही आणि चित्र मधेच गर्रकन फिरतं. आधी फोन हातात आडवा धरून कॅमेरा सुरू करा, ऑटो-रोटेट बंद करा, मगच स्टँडवर लावा. चित्र उलटं, म्हणजे डोकं खाली आलं तर सरळ फोन किंवा स्टँड फिरवा. लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ हा मोफत प्रोग्राम असेल तर त्यातही चित्र १८० अंशांत फिरवता येतं.

फोन पडद्याला जोडायचे मार्ग बरेच. स्मार्ट टीव्ही असेल तर दोन्ही एकाच वायफायवर आणून स्क्रीन कास्ट करता येतं. लॅपटॉपसाठी ड्रॉइडकॅमसारखी ॲप आहेत, जी फोनलाच वेबकॅम बनवतात. काही नव्या फोनमध्ये, अँड्रॉइड १४ पासून पुढे, यूएसबी केबल जोडल्यावर वेबकॅम असा पर्याय येतो. आमचा अनुभव विचाराल तर शक्य तिथे केबलच वापरा. वायफायवर हात आणि चित्र यांच्यात थोडा उशीर पडतो, आणि शाळेच्या वायफायचा काय भरवसा! केबलने फोन चार्जही होत राहतो. तासभर कॅमेरा चालू ठेवला की बॅटरी झपाट्याने उतरते.

उजेडाचं काय करायचं

नव्वद टक्के तक्रारी कॅमेऱ्याच्या नसतात, उजेडाच्या असतात. डोक्यावरची ट्यूबलाइट थेट कागदावर पडली की फोनची आणि हाताची सावली पानाच्या मधोमध येते. लॅमिनेशन केलेला तक्ता किंवा गुळगुळीत पान असेल तर त्यावर पांढरा डाग चमकतो आणि नेमका तोच शब्द दिसत नाही. यावर उपाय म्हणजे उजेड वरून न येता बाजूने, तिरका यावा. खिडकीजवळ टेबल सरकवणं सगळ्यात सोपं. नाहीतर अभ्यासाचे दोन टेबललॅम्प दोन बाजूंना तिरके लावा.

पडद्यावर काळे-पांढरे पट्टे सरकताना दिसले तर घाबरू नका, कॅमेरा बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ असेल तर ५० करा. ते जमत नसेल तर ती ट्यूब बंद करून खिडकीचा उजेड घ्या.

कागदाखाली काय आहे यानेही फरक पडतो. काळ्या टेबलावर पांढरं पान ठेवलं तर कॅमेरा काळ्या रंगाला उजळ करायला जातो आणि पान इतकं पांढरंफटक होतं की पेन्सिलीची रेघ गायब. खाली तपकिरी पुठ्ठा ठेवला की बरंच सुधारतं. मग पानावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करून टाका. लॉक केलं नाही तर हात मध्ये आला की कॅमेरा दरवेळी हातावर फोकस करतो आणि अक्षर धूसर होतं. एकदा जागा ठरली, की पानाचे चार कोपरे टेबलावर चिकटपट्टीने आखून ठेवा. पुढच्या तासाला शोधाशोध नको.

खुशखत शिकवताना

इथे आम्हाला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण या कॅमेऱ्याचा खरा फायदा आम्हाला उर्दूच्या तासाला झाला. नस्तालीक लिपीत शब्द वरून उजवीकडून सुरू होतो आणि उतरत उतरत डावीकडे रेषेवर येतो. छापील पुस्तकात तो तयार दिसतो. कलम कोणत्या कोनात धरलं, कुठे दाब दिला, कुठे सोडला, नुक्ते कधी दिले, हे पुस्तकात दिसत नाही. जुने उस्ताद शागिर्दाला शेजारी बसवून लिहून दाखवायचे. अलिफ तीन कत उंच, म्हणजे त्याच कलमाच्या तीन नुक्त्यांएवढा, हे ते बाजूला नुक्ते काढूनच शिकवायचे. पन्नास मुलांच्या वर्गात पन्नास जणांना शेजारी कसं बसवणार? कॅमेऱ्याखाली एक जाड कटाचं कलम घेतलं की सगळा वर्ग शेजारी बसल्यासारखा होतो.

पण इथेच एक अडचण येते. मराठी आपण डावीकडून उजवीकडे लिहितो. उजव्या हाताने लिहिताना हात पुढच्या कोऱ्या भागावर असतो आणि लिहिलेलं मोकळं दिसतं. उर्दूत उलट होतं. उजवा हात नुकत्याच लिहिलेल्या शब्दावरच येतो, आणि दिवा डावीकडे असेल तर सावलीही तिथेच पडते. म्हणून उर्दू लिहिताना उजेड समोरून, म्हणजे पानाच्या वरच्या बाजूने घ्यावा, मनगट ओळीच्या बरंच खाली ठेवावं, आणि प्रत्येक शब्द झाला की हात बाजूला घेऊन दोन क्षण थांबावं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पहिले दोन तास मुलांनी फक्त आमची बोटं बघितली, तेव्हा कळलं.

पूर्ण पान एकदम दाखवायचा मोह मात्र टाळा. पानाचा एक तृतीयांश भागच कॅमेऱ्यात घ्या. एक ओळ लिहा आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन वाचून बघा. तिथून वाचता आलं नाही तर कॅमेरा खाली घ्या. एका मुलाला आम्ही तीनदा कॅमेरा खाली घेऊनही दिसेना, आणि मग त्याच्या अम्मीला बोलावून डोळे तपासायला सांगितलं. चष्म्याचा नंबर निघाला. घरी सगळे त्याला आळशी समजत होते.

आणखी एक फायदा आम्ही धरला नव्हता. विज्ञान प्रदर्शनात बोलायला आमच्या काही मुली तयार होत नाहीत. सगळ्यांसमोर उभं राहून, सगळ्यांनी आपल्याकडे बघत असताना बोलायचं म्हणजे त्यांचा आवाजच बसतो. एकीने गेल्या वर्षी अंकुरलेल्या मुगाचा प्रयोग कॅमेऱ्याखाली मांडला. ती टेबलाशी बसली, पडद्यावर फक्त तिचा हात, सुई आणि मुगाचा दाणा. लोक पडद्याकडे बघत होते, आणि ती न अडखळता बोलली. बोटाऐवजी सुईने किंवा पेन्सिलीच्या टोकाने दाखवायचं, हे तिनेच आम्हाला शिकवलं. मोठ्या पडद्यावर बोट अर्धं चित्र झाकतं.

पडद्यावर काय जाऊ नये

एक चूक आमच्या हातून झाली, ती सांगतो. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा हे दाखवायला पालक सभा ठेवली होती. एका आईने आपला भरलेला अर्ज पुढे केला, आम्ही तो कॅमेऱ्याखाली ठेवला. आधार क्रमांक, बँक खात्याचा नंबर, उत्पन्न, सगळं भिंतीवर हातभर अक्षरात. दोन-तीन पालकांनी "नमुना म्हणून" मोबाइलवर फोटोही काढले. आम्ही ते तिथेच पुसायला लावले, पण त्या बाईंचा चेहरा उतरला तो उतरलाच. उत्पन्नाचा आकडा चारचौघांत जायला नको होता.

तेव्हापासून कोरा अर्जच घेतो, त्यात खोटं नाव आणि खोटे आकडे भरतो. उत्तरपत्रिका दाखवायची असेल तर नावाची बाजू दुमडून, आणि त्या मुलाला आधी विचारून. कागद बदलताना फ्रीझ करतो, फोन असेल तर भिंगावर तळहात धरतो. आणि फोन डू नॉट डिस्टर्बवर, सिम काढलेला. नाहीतर अर्ध्या तासाला खानदानाच्या ग्रुपवरचे मेसेज वर्गभर वाचले जातात. हेही आमच्याच बाबतीत झालेलं आहे.

घरी, रात्री नऊनंतर

आमच्या एका विद्यार्थ्याचे अब्बा कुवेतला असतात. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. इथे नऊ वाजतात तेव्हा तिथे साडेसहा, म्हणजे ते कामावरून परतलेले. पूर्वी व्हिडिओ कॉलवर मुलगा वही कॅमेऱ्यासमोर धरायचा, वही हलायची, अब्बा "नीट धर, नीट धर" म्हणायचे आणि गणित राहून जायचं. आम्ही त्याच्या अम्मीला पुस्तकांच्या दोन ढिगांची आणि फळीची युक्ती सांगितली. कॉल लावायचा, मागचा कॅमेरा सुरू करायचा, फोन फळीवर ठेवायचा. पुढच्या कॅमेऱ्याने करू नका, त्यात स्वतःच्या पडद्यावर अक्षर उलटं दिसतं आणि मूल गोंधळतं. आवाज लांबून येतो म्हणून इअरफोन लावलेला बरा.

आता मुलगा गणित सोडवत असतो आणि अब्बा तिकडून बघत असतात. कंपासचं टोक चुकीच्या बिंदूवर गेलं की लगेच टोकतात. अम्मीची तक्रार एवढीच, की फळीसाठी तिचा पोळपाट गेला आहे.