रात्रींच्या पाण्याची विजेरी

शिरूर व दौंड तालुक्यांत घोड व भीमा या नद्यांच्या पाण्यावर ऊस वाढला, आणि उसांत बिबट्यानें बिऱ्हाड केलें. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड-जांबूत भागांत तीन माणसें बिबट्याच्या हल्ल्यांत दगावलीं, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. तरीहि जेथें शेतीपंपाची वीज पाळीनें रात्रीं येते, तेथें दारें धरणाऱ्यास घरीं बसून चालत नाहीं. त्याच्या हातांत असते ती विजेरी, आणि तीहि बहुधा बाजारांतली स्वस्तांतली. उजेडानें बिबट्या पळतो असें आम्ही म्हणत नाहीं. पण बांधावर पडलेली घोणस व उसाच्या कडेस चमकणारे डोळे वेळेवर दिसावे, एवढें काम तरी तिनें केलेंच पाहिजे.

विजेरीच्या खोक्यावर तासांचा आंकडा मोठा छापलेला असतो. तो कसा मोजतात हें समजून घ्यावें. अमेरिकेंतील प्रचलित मोजणीप्रमाणें उजेड आरंभीच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचा सर्व काळ धरतात. म्हणजे छापलेल्या दहा तासांतील शेवटचा तास किती अंधुक असेल, हें ध्यानांत येईल. स्वस्त मालास तर पुष्कळदां ही मोजणीहि लागू केलेली नसते.

सेलाची गोष्ट याहून वाईट. या विजेऱ्यांत बहुधा १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल असतो. या मापाच्या चांगल्या सेलाची धारणाहि ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या फारशी पलीकडे जात नाहीं. मग ९९०० छापलेल्या सेलाविषयीं काय बोलावें! किराणा दुकानाच्या काट्यावर तो ठेवून पाहावा. चांगला सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो. पुष्कळच हलका भरला, तर आंत माल कमी आहे असें खुशाल समजावें.

खरी परीक्षा घरच्या अंगणांत होते. विजेरी पूर्ण भरून दिवेलागणीस पेटवावी, तीस पावलांवर खताचें पांढरें पोतें टांगावें, आणि तासातासानें पाहावें. पोतें स्पष्ट दिसेनासें झालें तो तास लिहून ठेवावा. रानांत त्याच्या निम्म्याच वेळेचा भरंवसा धरावा, व ही परीक्षा दर तीन-चार महिन्यांनीं पुन्हां करावी. कारण वापरानें सेलाची धारणा घटत जाते.

शिशाच्या बॅटरीची विजेरी रिकामी पडूं देऊं नये. तशी राहिल्यास पत्र्यांवर क्षार बसून ती लौकर निकामी होते. कोरडे सेल वापर नसतां काढून ठेवावे, नाहीं तर ते पाझरून स्प्रिंग खातात. पुढें-मागें सरकणाऱ्या तोंडाची विजेरी हौसेला ठीक. चिखलापाण्यांत बंद तोंडाची व रबरी कडें असलेलीच बरी.

आणि एक विजेरी म्हणजे एकहि नव्हे. दुसरी, साध्या कोरड्या सेलांची, खिशांत असावी. हात फावड्यास मोकळे राहावे म्हणून पहिली कपाळावर बांधण्याची घेतल्यास उत्तम. सोबतीस माणूस असावाच. त्याचें काम कोणतीहि विजेरी करीत नाहीं.

सभासदांनीं आपल्या विजेरीचे अंगणांत मोजलेले तास, सेलाचें वजन व खरेदीचा महिना आम्हांस लिहून कळवावा. आलेले आंकडे एकत्र करून छापूं.