निंबोळी, साबण आणि घाटातला पाऊस

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलैमध्ये जास्वंदीवर निंबोळी अर्क मारला, तर संध्याकाळपर्यंत तो मातीत गेलेला असतो. त्या दिवसांत फवारूच नये. मावा आणि लाल कोळी जोरदार सरींनीच बरेचसे धुऊन जातात. खरा उपद्रव पाऊस ओसरल्यावर, कोरड्या हवेत सुरू होतो. मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये तर छतामुळे पाऊस आत येतच नाही, म्हणून तिथे कोळ्याची धास्ती बारमाही.

साबणाचं काम स्पर्शाचं आहे. मावा किंवा पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो. तो शरीरातलं पाणी उडू देत नाही. साबणातली मेदाम्लं हा थर बिघडवतात आणि कीड सुकते. पण ओली झालेली तेवढीच. वाळलेला साबण निरुपयोगी. त्यामुळे पानाची खालची बाजू आणि शेंड्याची बेचकं भिजायलाच हवीत. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. कपड्यांची पावडर मात्र नको, पानं करपतात.

निंबोळीची रीत वेगळी. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीने झाडं ओरबाडली, कडुनिंब तेवढा हिरवा राहिला. हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने ते पाहिलं आणि कडुनिंबाच्या संशोधनाला वाहून घेतलं. बियांमधलं अझाडिरॅक्टिन किडीची भूक मारतं आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. म्हणजे कीड त्याच दिवशी मरत नाही. दुसऱ्या सकाळी ती जिवंत दिसली की लोक अर्काला नावं ठेवतात, हे मला फार खटकतं. आठवडाभर थांबून नवी पालवी पाहावी.

कृती सोपी आहे: लिटरभर पाण्यासाठी ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी. थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळावी, पाणी लिटरभर करावं, अर्क पानाला चिकटावा म्हणून चिमूटभर साबण घालावा. अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटतं, तेव्हा फवारणी ऊन उतरल्यावर, आणि अर्क त्याच दिवशी संपवावा. तंबाखूचं पाणी काही जण सुचवतात. ते टाळा. निकोटीन माणसालाही विषारी आहे, शिवाय तंबाखूतून मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीवर येऊ शकतो.

पंप उचलण्याआधी फांदी नीट न्याहाळावी. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलिमस हा ढालकिडा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याची अळी अंगावर पांढरं मेण बाळगते, अगदी पिठ्यासारखीच दिसते. मात्र ती आकाराने मोठी असते, मेणाच्या झिपऱ्या लांब असतात आणि ती चपळ चालते. अशी अळी दिसली, तर ती फांदी फवारणीतून वगळावी.