पाटा तुटतो कोठे आणि का?



ऊस विकास खात्याने बेणे, लागण, खते आणि खोडवा यांवर लिहावे, लोखंडाच्या भानगडीत पडू नये, असे कुणी म्हटले तर ते रास्तच आहे. परंतु फडातला ऊस वजनकाट्यावर चढेपर्यंत त्याची काळजी आमच्याकडे असते, आणि वाटेत ट्रॉलीचा पाटा तुटला की पहिली हाक आम्हालाच येते. टोळी फडात बसून राहते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, साखरही घटते. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा म्हणून आम्ही तोडणीचा कार्यक्रम आखतो, तो एका पाट्यापायी कोलमडतो. आणि ट्रॉली कलंडलीच, तर शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या जिवाशी गाठ असते. म्हणून गळीत हंगामाआधी चार गोष्टी सांगून ठेवतो.

बैलगाडीला पाटे नसतात. चाकाला बसलेला दणका आसातून थेट साटीला आणि जुवावाटे बैलाच्या मानेला जातो. गाडी बैलाच्या चालीने चालते म्हणून ते निभते. ट्रॅक्टरमागची भरलेली ट्रॉली त्याच्या कितीतरी पट वेगाने खड्ड्यात उतरते. तिथे दणका गिळायला मध्ये काहीतरी लवचीक असावेच लागते. ते काम कमानीसारख्या वाकवलेल्या पाट्यांचे.

एकच जाड पट्टी का टाकत नाहीत, असे पुष्कळजण विचारतात. बांबूच्या दहा कामट्या एकावर एक ठेवून वाकवून पाहा, आणि मग तेवढ्याच जाडीचे अखंड लाकूड वाकवून पाहा. पट्टीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो. दहा मिलिमीटरचे दहा पाटे एकावर एक ठेवले तर ताठपणा एका पाट्याच्या दहापट. पण तेवढ्याच जाडीची शंभर मिलिमीटरची अखंड पट्टी घेतली तर हजारपट! ती पट्टी वाकणारच नाही, सगळा दणका चेसिसला देईल. पाटे एकमेकांवर सरकतात म्हणूनच जुडगा वाकतो. मधले पाटे गंजून एकमेकांना चिकटले, की तो त्या अखंड पट्टीसारखा वागू लागतो.

आता जोडांकडे या. आमचा अनुभव असा, की मालक पाटे मोजतो पण जोड पाहत नाही.

मुख्य पाट्याची दोन्ही टोके गुंडाळून कडीसारखी केलेली असतात. एक टोक पिनेने हँगरला पक्के असते. दुसरे टोक मात्र शॅकलमध्ये, म्हणजे झोपाळ्यासारख्या हलणाऱ्या दोन पट्ट्यांत टांगलेले असते. ते उगीच नाही. भार पडला की कमान सपाट होते, आणि सपाट झालेली कमान लांब होते. ती वाढीव लांबी जायला जागा हवी, ती शॅकल देते. पिना गंजून शॅकल अडकला तर पाटा हँगरलाच रेटू लागतो. मग हँगरचे वेल्डिंग सुटते आणि आपण वेल्डरला नावे ठेवतो.

मधोमध दोन यू-बोल्ट पाट्यांचा जुडगा अ‍ॅक्सलला आवळून धरतात. जुडग्याच्या मध्यातून एक सेंटर बोल्ट जातो. सगळा भार तोच पेलतो असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही बरं का! पाटे एका ओळीत ठेवणे आणि अ‍ॅक्सल जागेवर बसवणे एवढेच त्याचे काम. धरून ठेवण्याचे काम यू-बोल्टांच्या आवळणीचे. ती सैल झाली की दोन गोष्टी घडतात. पहिली अशी की, पाटा ऐन मध्यावर वाकू लागतो, आणि तिथेच सेंटर बोल्टाचे भोक असल्याने लोखंड कमी असते. भोकाच्या कडेला बारीक चीर पडते, प्रत्येक खेपेला ती केसभर वाढते आणि एक दिवस कडकन आवाज येतो. दुसरी गोष्ट अधिक वाईट. अ‍ॅक्सलचा सगळा रेटा सेंटर बोल्टावर येऊन तो कापला जातो, अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि ट्रॉली तिरकी चालू लागते. तिच्यामागे दुसरी भरलेली ट्रॉली असेल तर ती शेपटासारखी रस्ताभर फिरते.

तुटलेला पाटा भंगारात टाकण्याआधी त्याचे तोंड पाहावे. काही भाग काळा-गंजका आणि उरलेला चकचकीत असेल तर चीर जुनी होती, आज फक्त शेवट झाला. तूट भोकातून असेल तर यू-बोल्ट सैल होते असे बेलाशक समजावे.

नवे पाटे पहिल्या काही खेपांत बसतात, म्हणून आवळणी आपोआप ढिली पडते. एक-दोन भरलेल्या खेपांनंतर, ट्रॉलीवर भार असतानाच, चारही नट थोडे थोडे करून आलटून पालटून आवळावेत. एक नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊ नये.

ओझ्याचा हिशोब पाहा. ट्रॉली आणि ऊस मिळून समजा १२ टन भरले, तर चार जुडग्यांवर तीन-तीन टन आले. अंबड, घनसावंगी, परतूर भागात जायकवाडीच्या डाव्या कालव्याकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे फडातून निघणारा रस्ता क्वचितच सपाट असतो. ट्रॉली डावीकडे कलली की त्या बाजूच्या जुडग्यांवर चार-चार टनही येतील. त्यात चाक खड्ड्यात आदळले तर आणखी ताण. भार हळू ठेवण्याऐवजी एकदम पडला, तर ताण दुप्पट होतो हे यंत्रशास्त्राचे साधे गणित आहे.

यावर उपाय म्हणून एक-दोन पाटे वाढवण्याची चाल पडली आहे. वाहतूक टनावर मिळते, तेव्हा मोह कुणाला होणार नाही? पण आम्हाला ती चाल पसंत नाही. जुडगा ताठ होतो, मात्र अ‍ॅक्सल, हँगर आणि टायर जुनेच राहतात. दणका आता त्यांच्याकडे जातो. एकाच बाजूला पाटा वाढवणे तर निव्वळ धोक्याचे, ट्रॉली रिकामीसुद्धा कललेली राहते.

तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करू नये. पाट्याच्या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त असतो, आणि ते तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून तयार केलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ही सारी मेहनत वाया जाते आणि जोडाशेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो. आपल्या जालन्यात लोखंड मुबलक आहे, पण इथली सळई स्लॅबसाठी. तिच्यात कार्बन कमी, कारण तिने वाकून तसेच राहावे अशी अपेक्षा असते. पाट्याने वाकून परत यायचे असते.

तपासणीला मिस्त्रीच लागतो असे नाही. रिकामी ट्रॉली सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. शॅकलजवळ पहार घालून पाट्याचे टोक उचलून पाहावे. खडखडत असेल तर पिन-बुश झिजले. मुळीच हलत नसेल तर ते गंजून अडकले आहेत, पिना काढून साफ कराव्यात आणि ग्रीस भरावे. ग्रीस दुसऱ्या कडेने बाहेर डोकावेपर्यंत थांबू नये. मग दोरीने दोन्ही बाजूंचे पुढचे-मागचे अ‍ॅक्सलमधले अंतर मोजावे. पुढची चाके सरळ असताना दोन्ही मापे सारखी यायला हवीत. फरक दिसला तर कुठला तरी सेंटर बोल्ट कापला गेला असण्याचा संभव आहे; जुडगा उघडल्याशिवाय ती ट्रॉली फडात पाठवू नये.