विकी घडवताना – भाग ७ : मालेगाव कोणतं?

अर्धापूर तालुक्यात एक मालेगाव आहे. त्याच नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, खंडोबाच्या यात्रेचं दुसरं मालेगाव. यंत्रमागांचं नाशिककडचं, तालुक्याचं ठिकाण असलेलं वाशिमचं आणि साखर कारखान्याचं बारामतीजवळचं, ही आणखी तीन. मराठी विकिपीडियावर नुसतं ‘मालेगाव’ शोधणाऱ्यासाठी निःसंदिग्धीकरणाचं पान असतं. तिथं एकाच नावाची गावं ओळीनं येतात, प्रत्येकापुढे तालुका-जिल्हा. वर्गाचं काम याच्या उलट आहे. नावं निरनिराळी, पण जात एक, अशी पानं वर्ग एकत्र आणतो. नवे संपादक इथेच गल्लत करतात, ‘वर्ग:मालेगाव’ काढतात आणि पाचही गावं त्यात कोंबतात.

वर्ग लावायला कष्ट नाहीत. लेखाच्या तळाशी दुहेरी चौकटी कंसात ‘वर्ग:अर्धापूर तालुक्यातील गावे’ लिहिलं की झालं. वर्गाचं पान कुणी तयार केलेलं नसलं तरी यादी आपोआप भरू लागते, फक्त दुवा लाल दिसतो. पुष्कळजण तेवढ्यावर समाधान मानतात. पण ते पान तयार करून त्याला ‘नांदेड जिल्ह्यातील गावे’ हा वरचा वर्ग दिला नाही, तर जिल्ह्यावरून खाली उतरणाऱ्या वाचकाला आपला वर्ग भेटतच नाही. आणि ‘अर्धापुर’ असं ऱ्हस्व लिहिलंत तर दुसराच वर्ग उभा राहतो; यंत्राला शुद्धलेखनाची दयामाया नाही.

गाव तालुक्याच्या वर्गात गेलं की त्याला पुन्हा जिल्ह्याच्या वर्गात टाकायचं नाही. वर्गपानावर एका वेळी २०० नावं दिसतात. सगळी गावं जिल्ह्यातच ओतली तर वाचक ‘पुढील पान’ दाबून दाबून कंटाळतो.

इथवर सोपं आहे. आता अर्धापूरची केळी. ‘केळी’ या लेखाला अर्धापूरचा वर्ग लावावा का? माझ्या मते नाही. अर्धापूर केळीमुळे ओळखलं जातं, केळ अर्धापूरमुळे नव्हे. आपण लावला तर जळगावकर आणि वसईकर गप्प बसतील थोडेच! अर्धापूरच्या केळीवर स्वतंत्र लेख झाला, तर तो मात्र फळाच्या आणि तालुक्याच्या अशा दोन्ही वर्गांत खुशाल जावा. याच केळीला कालव्यानं पाणी देणारं ईसापूर धरण यवतमाळ आणि हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवर, पैनगंगेवर आहे. धरण जिथं आहे त्या जिल्ह्यांचे वर्ग त्याला लागतात. पाणी नांदेडकडे येतं, ही गोष्ट मजकुरात सांगायची.

माणसांच्या बाबतीत प्रकरण अधिक नाजूक होतं. लेखक नरहर कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरचा. तेव्हा राज्य निजामाचं, जिल्हा परभणी. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि कळमनुरी त्यात गेली. कुरुंदकर तर १९८२ मध्येच गेले होते. त्यांची कारकीर्द नांदेडची, मुख्यतः पीपल्स कॉलेजातली. ‘इ.स. १९३२ मधील जन्म’ किंवा ‘मराठी लेखक’ या वर्गांबद्दल कुणाचा वाद नाही. जिल्हा कोणता, यावर मात्र तीन दावेदार. मी जन्मस्थळासाठी हिंगोली लावेन, कारण वाचक आजच्या नकाशावरून शोधतो; कर्मभूमीसाठी नांदेड; आणि परभणी चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात. यावर भांडायला जागा आहे, आणि भांडण लेखाच्या चर्चापानावर व्हावं. आणखी एक बारीक काम उरतं. क्रमलेखनाची किल्ली ‘कुरुंदकर, नरहर’ अशी दिली नाही, तर ते यादीत ‘न’खाली जाऊन बसतात.

एकच नोंद अनेक वर्गांत ठेवण्याची मुभा केतकरांच्या छापील ज्ञानकोशाला नव्हती. पहिले पाच प्रस्तावनाखंड विषयवार आणि पुढचे मुख्य खंड अकारविल्हे, अशी विभागणी त्यांना करावी लागली. छापील पान एकाच जागी बसतं. विकीवर एक लेख दहा वर्गांत राहू शकतो. म्हणूनच हात आवरावा लागतो. कुरुंदकरांना ‘चष्मा लावणारे लेखक’ या वर्गात घालायला यंत्र आडकाठी करत नाही.

नाव बदललं की खरी मेहनत सुरू होते. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. लेखाचं पान नव्या नावावर हलवलं की जुन्या नावावरून वाचक आपोआप तिथं पोचतो. वर्गाचं तसं नाही. वर्गाचं पान हलवलं तरी आतले लेख जुन्याच नावाखाली राहतात, कारण वर्गाची ओळ प्रत्येक लेखात स्वतंत्र लिहिलेली असते. वर्ग साच्यातून, म्हणजे अनेक लेखांत वापरल्या जाणाऱ्या सामायिक मजकुरातून, आलेला असेल तर एका जागी दुरुस्ती पुरते. नाहीतर आधी चावडीवर, म्हणजे विकीच्या सामायिक चर्चेच्या पानावर, विचारून सांगकाम्या चालवायचा. सांगकाम्या म्हणजे सांगितलेलं निमूट करणारी आज्ञावली. निजामकाळातला औरंगाबाद सुभा आणि आजचा जिल्हा यांतला फरक तिला कळत नाही, तेव्हा ती सोडण्याआधी वर्गातली यादी एकदा डोळ्यांखालून घालून जुन्या काळाचे लेख बाजूला काढावे लागतात.