इंजिन न उतरवता क्रँकपिनचे ग्राइंडिंग : कधी करावे, कधी टाळावे



बेण्याची निवड, खताचे हप्ते, खोडव्यातले पाचट हे आमचे नेहमीचे विषय. या अंकात आम्ही इंजिनाच्या क्रँकवर लिहितो आहोत म्हणून काहींना नवल वाटेल. पण गेल्या उन्हाळ्यात गटागटांतून फिरताना पाण्यावाचून माना टाकलेला सुरू ऊस आम्ही पाहिला, आणि दोन-तीन ठिकाणी विहिरीत पाणी भरपूर होते. वर इंजिन मात्र उघडे पडले होते. भर उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाळी द्यावी लागते. तिथे इंजिन तीन आठवडे लेथवर पडले, तर फुटव्यांचे काय होणार ते आपणास सांगायला नको.

विजेची पाळी रात्रीची असते, म्हणून आपल्याकडे पुष्कळांनी वडिलांच्या काळातले जाड चाकाचे इंजिन अजून ठेवले आहे. ही बहुतेक इंजिने मूळ इंग्लंडमधील डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीच्या धर्तीची. १९३० च्या सुमारास निघालेला हा नमुना पुढे राजकोटच्या कारखानदारांनी घेतला आणि तो खेडोपाडी पोचला. सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे, एकच सिलिंडर. साधे आणि दमदार काम.

ही इंजिने झिजतात ती मुख्यतः क्रँकपिनला. क्रँकपिन म्हणजे क्रँकचा तो गट्टू, ज्यावर कनेक्टिंग रॉडचे खालचे तोंड बसते. ६५० फेऱ्यांना ३२५ स्फोट होतात, म्हणजे तासाला साडेएकोणीस हजार. प्रत्येक स्फोटाच्या वेळी क्रँक त्याच जागी आलेला असतो, त्यामुळे हाणही पिनच्या त्याच बाजूला बसते. म्हणून पिन गोलाकार झिजत नाही, अंड्यासारखी लांबट होते. वंगणात माती गेली की हे काम झपाट्याने होते. मग इंजिन ठोकू लागते. भार टाकला की ठोका वाढतो, आणि तेव्हाच इंजिन बंद करायचे असते. आपण मात्र म्हणतो, एवढी पाळी होऊ दे.

अशा वेळी क्रँक बाहेर काढून शहरातल्या ग्राइंडिंग मशीनवर देणे हा राजमार्ग. पण या इंजिनाची दोन्ही चाके काढल्याशिवाय क्रँक निघत नाही. चाकांच्या चाव्या वीस-पंचवीस वर्षांत गंजून एकजीव झालेल्या असतात. घण घालून चावी काढताना चाकाचा तुंबा फुटल्याचे आम्ही पाहिले आहे. म्हणूनच ‘जागेवरच पिन मारून देतो’ म्हणणारा कारागीर आला की शेतकऱ्याला देव भेटल्यासारखे वाटते.

ही युक्ती नवी नव्हे. जुन्या मोटारींच्या काळात गाडीखाली आडवे होऊन, ऑइलचे चेंबर उतरवून, पिस्टन वर ढकलून पिन जागेवर गोल करण्याची हत्यारे परदेशात वापरात होती. आजही मोठ्या जहाजांच्या इंजिनांत क्रँक जागेवरच ग्राइंड करतात, कारण तिथे तो काढायचा म्हणजे जहाजच कापायचे. तेव्हा पद्धत खोटी नाही. ती कोण आणि कशी करतो यावर सगळे आहे.

आमच्या एका गटात एक वयस्कर सभासद आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या इंजिनावर आलेल्या कारागिराने एमरीची पट्टी पिनला गुंडाळली, वरून दोरी घेतली आणि ताक घुसळावे तशी तासभर ओढली. पिन आरशासारखी चमकली. आबा खूष झाले. नवे बेअरिंग घातले, आणि बाराव्या दिवशी ठोका पुन्हा सुरू. आम्ही मायक्रोमीटर घेऊन गेलो तर पिन होती तशीच लांबट. एमरीची पट्टी मऊ असते. ती खोलगट भागावरही तेवढीच घासते आणि उंच भागावरही तेवढीच, मग आकार सुधारणार कुठून? ‘अहो साहेब, चकाकत होती की!’ आबा म्हणाले. चकाकी आणि गोलाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खऱ्या हत्यारात दोन फाकांचा मजबूत सांगाडा असतो. तो पिनभोवती आवळतात. एका बाजूला दगड किंवा कापणारे टूल, समोरच्या बाजूला आधाराच्या पट्ट्या. हेड उतरवून रॉड-पिस्टन वरून काढून घेतात, म्हणजे चाक हाताने सावकाश फिरवता येते. टूल फक्त उंच भागाला लागते आणि थोडे थोडे करून पिन गोल होते. यात मर्म असे की आधाराच्या पट्ट्या पिनच्या कडेच्या, बेअरिंग न घासलेल्या कोऱ्या भागावर टेकल्या पाहिजेत. झिजलेल्या भागावर टेकल्या तर हत्यार तीच वाकडी वाट पुन्हा चालते.

कारागिराला हो म्हणण्यापूर्वी मोजमाप आपल्या डोळ्यांदेखत घ्यावे. पिन तीन ठिकाणी मोजावी, दोन्ही कडांना आणि मध्ये, आणि प्रत्येक ठिकाणी उभी व आडवी. उभ्या-आडव्यातला फरक म्हणजे लांबटपणा, कडाकडांतला फरक म्हणजे निमुळतेपणा. साधारण पाच शतांश मिलिमीटरच्या पुढे फरक गेला की नुसते बेअरिंग बदलून भागत नाही.

साइज ठरवण्याचा हिशेबही सोपा आहे. समजा पिन मूळ ५०.०० मिलिमीटरची आहे आणि आता ती एका बाजूने ४९.९० व दुसऱ्या बाजूने ४९.८२ भरते. बेअरिंग पाव मिलिमीटर कमी साइजचे मिळते, म्हणजे पिन ४९.७५ ला आणायची. सर्वांत कमी माप ४९.८२ असल्याने सगळीकडे दगड लागेल, काम होईल. पण कमीत कमी माप ४९.७० भरले तर ४९.७५ ला आणूनही खोलगा शिल्लकच राहणार. तिथे पुढची, अर्ध्या मिलिमीटरची साइज घ्यावी लागते. आपले मेस्त्री इंच-सुतात बोलतात, त्यांची ‘दहाची साइज’ म्हणजे हेच पाव मिलिमीटर. बेअरिंग आधी हातात घ्यावे, मगच दगड लावू द्यावा. साइजचे बेअरिंग बाजारात नसले तर केलेले काम वाया.

पिनची बाजू जिथे क्रँकच्या पात्याला मिळते तिथे कारखान्याने गोलाई ठेवलेली असते. घाईत चौकोनी दगड लावून ती खाल्ली आणि तिथे पायरी पडली, तर क्रँक पुढे नेमका त्या पायरीवर तुटतो. नखाने पायरी लागते का ते पाहावे.

दगडाची भुकटी हा दुसरा शत्रू. काम चालू असताना मेन बेअरिंगच्या बाजू ग्रीस लावलेल्या फडक्याने बंद कराव्यात. ट्रॅक्टरच्या क्रँकमध्ये पिनला ऑइलचे भोक असते, तेही लाकडी खुंटीने बुजवावे आणि नंतर खुंटी आठवणीने काढावी. (हसू नका, विसरणारे भेटतात.) काम झाल्यावर केस रॉकेलने दोनदा धुवावी. ही भुकटी बेअरिंगच्या मऊ धातूत रुतून बसली तर तीच पुढे कानसीसारखी पिन खाते.

जागेवर काम मुळीच करू नये अशा काही वेळा आहेत. वर्कशॉपच्या मशीनमध्ये क्रँक स्वतःच्या मेन जर्नलच्या रेषेवर बांधतात, जागेवरचे हत्यार मात्र फक्त पिनला धरून चालते. त्यामुळे मेन बेअरिंग ढिले असेल किंवा क्रँक वाकला असेल, तर जागेवर पिन कितीही गोल केली तरी ती मेनशी समांतर येणार नाही. पिन निळी पडली असेल, म्हणजे तापून तिचे पाणी उतरले असेल, तरी तो नाद सोडावा. चीर पाहण्यासाठी पिन रॉकेलने भिजवून कोरडी पुसावी आणि खडू घासावा. चीर असेल तिथे रॉकेल झिरपून खडूवर काळसर रेघ उमटते. अशी रेघ दिसली की क्रँक भंगारात.

कठीण केलेल्या पिनबाबतही जपावे. काही क्रँकचे पाणी वरच्या अगदी पातळ थरापुरतेच असते. अर्धा मिलिमीटर घेतला की आतला मऊ धातू उघडा पडतो. बारीक कानस घसरते की चावते, यावरून अंदाज येतो.

जोडताना बेअरिंगमधली फट पिनच्या व्यासाच्या साधारण एक हजारांश ठेवावी, म्हणजे ५० मिलिमीटरला पाच शतांश. शिशाची बारीक तार मध्ये ठेवून बोल्ट आवळावे आणि चपटलेली तार मोजावी. रॉडच्या तळाची ऑइल उडवणारी पळी सरळ आहे ना, हे झाकण लावण्यापूर्वी पाहावे. पहिले काही तास निम्म्या भारावर चालवून ऑइल बदलावे, पंप लगेच पूर्ण खोलीवर टाकू नये.

आबांच्या इंजिनाची पिन पुढे दुसऱ्या कारागिराने योग्य हत्याराने केली. दोन दिवस लागले, पाळी चार दिवस लांबली. मायक्रोमीटर आणि शिशाची तार आपल्या विभागात ठेवली आहे. ज्यांना मोजून पाहायचे असेल त्यांनी गटाच्या ॲग्री ओव्हरसियरकडे आदल्या दिवशी सांगावे. हेड मात्र आधी उतरवून ठेवावे, नाहीतर आमचा अर्धा दिवस नट सोडवण्यातच जातो.

— ऊस विकास अधिकारी